कुर्ल्याची रात्र आता तरी परत मिळावी

मा. संपादक,
स. न.

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं उडाली. त्या दिवसांत वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती. ११६० हेक्टर जागा, कमळाच्या पाकळ्यांसारखं टर्मिनल, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी. मी ती कात्रणं काढून ठेवली आहेत. माझं सगळं आयुष्य विमानांशी बांधलेलं, त्यामुळे मला मनापासून आनंद झाला. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे आणि त्याचं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही. मुंबईला दुसरा विमानतळ मिळाला. मग पहिल्या विमानतळाच्या वाटेखाली झोपणाऱ्यांच्या रात्री आता तरी शांत होणार का?

माझी ओळख आधी देतो. मी सहार आणि सांताक्रूझला मिळून ३३ वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या मैदानात, काम केलं. १९८६ला लोडर म्हणून लागलो, २०१९ला सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. विमानाच्या खिडकीतून खाली बघितलं की चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला, कानांवर मफ चढवलेला माणूस दिसतो, तो मी. विमान बेवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, थांबलं की चाकांना चॉक, म्हणजे पाचरी, लावायचे, बेल्ट लोडर विमानाच्या पोटाला भिडवायचा, सामान उतरवायचं, नवं चढवायचं, शेवटी टो-बारचा दांडा लावून पुशबॅक द्यायचा, म्हणजे विमान मागे ढकलायचं. एप्रिल-मेमध्ये आखाताकडे आणि लंडनला हापूस जायचा. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या सामानाच्या कप्प्यात, गुडघ्यांवर सरकत खोके रचताना तो वास कपड्यांत मुरायचा आणि घरी पाऊल टाकताच मुलगी म्हणायची, "बाबा, आज आंबा होता ना?"

त्या पगारावर माझ्या दोन मुलांचं शिक्षण झालं. जरीमरी, क्रांतीनगर, कालिना, आमचं कुर्ला, या वस्त्यांमधून लोडर, सफाईवाले, ड्रायव्हर, किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक असे किती लोक रोज पास गळ्यात अडकवून विमानतळावर जातात, ते पहाटेच्या पाळीला रिक्षांच्या रांगेत उभं राहिल्यावरच कळतं. विमानतळ आमचा अन्नदाता आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला मी विमानांच्या विरोधातला वाटणार नाही.

मुख्य धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक आमच्या बाजूला आहे. वारा बहुतेक काळ पश्चिमेचा असतो, म्हणून वर्षातले बरेचसे दिवस विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात. आमची इमारत तीन मजली. गच्चीवर उभं राहिलं की चाकं मोजता येतील इतक्या खालून विमान जातं. बोलता बोलता थांबायचं आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही सवय आमच्याकडे बालवाडीतल्या पोरांनाही असते. माझी धाकटी बहीण फोनवर असली की तीच म्हणते, "दादा, विमान आलं वाटतं, थांबते मी."

इमारत जुनी झाली आहे, स्लॅब गळतो. पण आम्ही फनेलमध्ये, म्हणजे विमानं उतरण्या-उडण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात, येतो. मजले वाढवता येत नाहीत आणि मजले वाढणार नसतील तर बिल्डर हात लावत नाही. उंचीची मर्यादा का असते हे मला कुणी समजावून सांगायला नको. २८ जून २०१८ला घाटकोपरच्या सर्वोदयनगरात बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर छोटं विमान पडलं, त्यातले चौघे आणि रस्त्याने चाललेला एक जण गेला. १२ जून २०२५ला अहमदाबादला विमान पडलं त्यात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. ती बातमी आली त्या रात्री आमच्या इमारतीत कुणी झोपलं नाही. मर्यादा हवीच. पण तिच्यापायी गळक्या स्लॅबखाली आम्ही राहायचं आणि तिच्यामुळे सुरक्षित उतरणाऱ्या कुणालाही त्यासाठी एक पैसा द्यावा लागत नाही, हा हिशेब मला कधी पटलेला नाही.

शांतता म्हणजे काय, हे आम्हाला वर्षातून मोजून दोनदा कळतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या एका दिवसापुरत्या, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, बंद ठेवतात. नोकरीत असताना हा आमच्यासाठी धावपळीचा दिवस. रबराचे थर खरवडायचे, रंग नवा करायचा, दिवे तपासायचे, सगळे विभाग घड्याळाकडे बघत कामाला लागलेले. निवृत्त झाल्यावर तोच दिवस पहिल्यांदा घरून अनुभवला. अकरा वाजून गेले आणि थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ बावीस वर्षं तिथेच होतं. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली, "काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय." २०२०च्या मार्चअखेरीपासून २५ मेपर्यंत देशातली प्रवासी विमानं बंद होती, तेव्हा ती शांतता दोन महिने टिकली. तिच्यासोबत भीती होती. गल्लीतल्या कंत्राटी पोरांचे पगार थांबले होते, म्हणून त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या दोन महिन्यांत माझी बायको बऱ्याच वर्षांनी सलग सहा तास झोपली, हेही तितकंच खरं आहे.

आता कायद्याचं बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. २०१८मध्ये विमानतळांभोवतालच्या पट्ट्यासाठी वेगळी मर्यादा आली. गर्दीच्या विमानतळाजवळ दिवसा ७०, रात्री ६५. म्हणजे याच शहरात एकाच्या झोपेला ४५ आणि दुसऱ्याच्या झोपेला ६५. वीसचाच फरक, असं वाटेल. पण डेसिबलच्या मापात दर दहामागे आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीसमागे शंभरपट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात विमानांचा रात्रीचा आवाज ४० डेसिबलच्या खाली ठेवावा असं म्हटलं आहे. त्याहून जास्त आवाजाने झोपेवर परिणाम होतो आणि सततच्या आवाजाचा हृदयाशीही संबंध आहे, हे त्यामागचं कारण.

रॅम्पवर आम्हाला कानाचे मफ मिळायचे, दर काही वर्षांनी श्रवणचाचणी व्हायची. तरी माझा डावा कान बारीक आवाज पकडत नाही, नातीची कुजबुज मला उजव्या बाजूने ऐकावी लागते. ते कामाचं होतं, मी ते पत्करलं होतं. माझ्या नातीने काहीच पत्करलेलं नाही.

रात्रीचं एक गणित प्रवाशांना माहीत नसतं, ते सांगतो. युरोपला जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आत सुटतात. कारण ती तिकडे सकाळी पोहोचावीत. फ्रँकफर्टला २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरू-उडू देत नाहीत. लंडनच्या हीथ्रोला रात्रीच्या विमानांची संख्या ठरवून दिलेली आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला रात्री अकरा ते सकाळी सहा बंदीचा कायदा १९९५चा. तिथल्या माणसांच्या झोपेला कायद्याची भिंत आहे आणि त्या भिंतीबाहेरच्या सगळ्या वेळा आमच्या अंगावर येतात. रात्री दीड वाजता भरलेलं जड विमान पूर्ण जोर लावून उठतं, तेव्हा खिडकीची काच थरथरते. मी त्या विमानात सामान चढवलेलं आहे. त्यातल्या प्रवाशांचं काही चुकत नाही. पण हे वेळापत्रक काही निसर्गाने दिलेलं नाही, ते माणसांनीच बसून ठरवलेलं आहे.

आता इंधनाचं, कारण हवामानाचा विषय निघाला की लोक आकाशाकडे बघतात आणि मला मात्र जमिनीवरचं आठवतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्यातून विमानं वाट बघत वर घिरट्या घालतात. २०२४च्या फेब्रुवारीत केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच हे मान्य केलं. मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात, एक विमान तासाला सरासरी २००० किलो इंधन जाळतं, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.८ लाख रुपयांचं इंधन जातं, असे त्यांचेच आकडे होते. तेव्हा गर्दीच्या वेळेतली विमानं तासाला ४६वरून ४४वर आणली. एक किलो विमानइंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका विमानाच्या तासाभराच्या घिरट्यांतून सहा टनांहून जास्त, आणि एवढं करून कुणीही कुठेही पोहोचलेलं नाही.

जमिनीवर उभ्या विमानाचंही तसंच. शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू म्हणतात, ते वीज आणि थंड हवा देतं आणि तासाला शंभर किलोच्या आसपास इंधन खातं. खालून विजेची केबल आणि थंड हवेची नळी जोडली की ते बंद करता येतं. केबल लावायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण माणसं कमी, घाई जास्त, म्हणून अनेकदा ते चालूच राहतं. आपल्या पाळीत ते लवकर बंद व्हावं म्हणून मी पायलटना खालून खुणा करायचो. हा हिशेब कुठल्याही बेवर कुठल्याही दिवशी उभं राहून करता येतो. शाश्वत इंधन, म्हणजे वापरलेलं तेल, कचरा अशांपासून बनवलेलं विमानइंधन, यायचं तेव्हा येईल. आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी ते २०२७ला १ टक्का आणि २०३०पर्यंत ५ टक्के मिसळायचं उद्दिष्ट ठेवलं आहे, ते चांगलंच आहे. पण उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय करायचं ते आज ठरवायला हवं, आणि वाया जाणारं इंधन वाचवायला नवा शोध लागत नाही.

जगाच्या ऊर्जेतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्के, असं सांगून विषय मिटवला जातो. पण एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के माणसांनी विमानप्रवास केला होता. आमच्या गल्लीत विमानतळावर काम करणारे शंभर जण निघतील, त्यातले विमानात बसलेले दहा मिळणार नाहीत. धूर मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो आणि पाऊसही.

पावसाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. २६ जुलै २००५ला मी दुपारच्या पाळीला होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. धावपट्टीवर पाणी चढलं, विमानतळ बंद झाला. आमच्या घराशेजारून मिठी नदी जाते. विहार आणि पवईच्या तलावांकडून येणारी ही नदी विमानतळाच्या जागेत आली की तिला धावपट्टीसाठी काटकोनात वळवलेली आहे, पुढे ती कुर्ल्यात शिरते. त्या रात्री तळमजल्यावरची सात कुटुंबं आमच्या गच्चीवर होती, ताडपत्रीखाली, ओल्या अंगाने. मी घरी पोहोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी, अर्धं अंतर छातीएवढ्या पाण्यातून. नंतर नेमलेल्या चितळे समितीने नदीच्या या दुर्दशेची नोंद केली. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे मी नंतर वाचलं. नदी आवळायची आणि वरून पाऊस जड करत न्यायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वस्तीच्या डोक्यावर येतात.

आणि आता माझी बहीण. तिला आम्ही उलवे खाडीकाठच्या एका गावात दिली. नव्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातलं ते एक. तिचे मिस्टर ओहोटीला खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी आणायचे. समोर उलव्याची टेकडी होती, नव्वद मीटरच्या आसपास उंच. ती सुरुंग लावून कापली आणि तिचाच दगड भरावाला गेला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. बहीण आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर चांगल्या पक्क्या घरात राहते. तिचा थोरला नव्या टर्मिनलवर कामाला लागला, त्याचा पहिला पगार झाला तेव्हा तिने पेढे घेऊन कुर्ल्याला चक्कर मारली. सुरुवातीला तिकडची विमानं सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळात असायची. तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, आमच्याकडे तुझ्यासारखं नाय रे, रात्री शांत असतं." मी काही बोललो नाही. आठवड्यातले सातही दिवस चोवीस तास चालू राहणारा विमानतळ कसा असतो, ते तिला मी काय सांगणार होतो?

जर्मनीत म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ला बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. तिथल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची आधी आणि नंतर तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्या मुलांचं घसरलं. मी हे वाचलं तेव्हा कागद खाली ठेवला. माझी नात कुर्ल्यात दुसरीत आहे. बहिणीचा नातू तिकडे पहिलीत आहे. माझ्या नातीची झोप त्याच्याकडून घेऊन द्यावी, असं मला मुळीच नको आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. दोन विमानतळांमुळे मुंबईच्या विमानांच्या वेळापत्रकात पहिल्यांदाच मोकळी जागा तयार होते आहे. जुन्या विमानतळावरून जी विमानं तिकडे जातील त्यांच्या वेळा लगेच दुसऱ्यांना विकू नका. आधी त्यातून रात्र बाजूला काढा. रात्री एक ते पहाटे चार, एवढे तीन तास तरी सुरुवातीला. रुग्णांना नेणारी, प्रत्यारोपणाचे अवयव नेणारी, अडचणीत आलेली विमानं अर्थातच सोडून. आणि हाच नियम नवी मुंबईला आत्ताच लावा, वेळापत्रक घट्ट व्हायच्या आत. एकदा कंपन्यांना रात्रीच्या वेळा मिळाल्या की त्या परत घेणं किती कठीण असतं, हे मी आतून पाहिलेलं आहे. आवाज मोजणारी यंत्रं कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले, उलवे, पनवेल इथल्या शाळांवर बसवा आणि त्यांचे आकडे रोज वॉर्ड ऑफिसात फळ्यावर लावा. पाच वर्षांनी अहवाल काढून आम्हाला काही उपयोग नाही.

माझ्याच जुन्या सोबत्यांनी मला विचारलं आहे, "रात्रपाळी गेली तर नाइट अलाउन्सचं काय?" हा प्रश्न खरा आहे. माझ्या मुलीची फी कित्येक वर्षं त्याच अलाउन्समधून गेली. मी त्यांना सांगितलं, आणि इथेही लिहितो, की तीन तास विमानं थांबली तरी रॅम्प थांबत नाही. सफाई, देखभाल, कार्गोची मांडणी, गाड्यांची दुरुस्ती हे सगळं रात्रीच होतं. आणि एपीयू बंद ठेवायचे, केबल वेळेवर जोडायच्या, तर माणसं कमी नाही, जास्त लागतील. इंधनाचे वाचलेले पैसे त्या माणसांच्या पगारात घाला. ज्या कंत्राटी पोराला आज बारा तासांची पाळी करावी लागते, त्याला आठ तासांची मिळेल.

तुमच्याकडे एक विनंती. पावसाळ्याआधी धावपट्ट्या बंद ठेवण्याची तारीख जाहीर होईल. त्या दिवशी तुमचा एक वार्ताहर आमच्या गच्चीवर पाठवा. सकाळी पावणेअकराला यावं, म्हणजे शेवटची दोन-तीन विमानं डोक्यावरून जाताना अनुभवता येतील. मग अकरानंतर तासभर बसावं. चहा आम्ही करू. संध्याकाळी पाचला पहिलं विमान येईपर्यंत थांबता आलं तर फारच बरं.

आपला नम्र,
एक निवृत्त रॅम्प सुपरवायझर
कुर्ला (प.), मुंबई